नोई, घरी चल गं

आईचा आत्मा न्यायला पिम बँकॉकला आली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. धाकटा भाऊ तोन आपली तीनचाकी टुकटुक घेऊन हॉस्पिटलच्या फाटकाशी उभा होता. दिवसभर तो याच गाडीतून पर्यटकांना देवळं दाखवायचा.

आई याच हॉस्पिटलात गेली होती; तिचं शरीर कधीच गावी पोचलं होतं. पण भगतीणबाईने शवपेटीवर हात ठेवला आणि तोंड वाकडं केलं. "ही इथे नाहीच. अजून बँकॉकातच बसलीये." उद्या सकाळी अग्नी द्यायचा होता. तोवर आई घरी आली नाही, तर ती कायमची त्या हॉस्पिटलच्या जिन्यांत वरखाली करत राहणार. हे गावात सगळ्यांना माहीत असतं. भात किती शिजवायचा ते माहीत असतं ना, तसं.

पिमने उदबत्ती लावली, हॉस्पिटलच्या खिडक्यांकडे तोंड केलं. अशी हाक नावानेच मारायची असते, नात्याने नाही.

"नोई! ए नोई, घरी चल गं!"

कागदोपत्री आईचं नाव बुनलुआ होतं. पण त्या नावाने तिला कुणी हाक मारली, तर ती मागे वळून बघायची, दुसरं कोण आलंय म्हणून. आख्ख्या गावाला ती नोईच. म्हणजे एवढीशी.

तोन म्हणाला, "गाडी संध्याकाळची आहे ना? मग तिला शहर दाखवू. पाचूचा बुद्ध बघायचा होता तिला. नाहीतर रुसून परत वॉर्डात जाऊन बसेल."

"उशीर केलास तर मीच तुला वॉर्डात पाठवेन."

टुकटुक निघाली. वाटेत आत्म्याला सगळं सांगत राहावं लागतं, नाहीतर तो चुकतो. पिम उदबत्ती धरून सांगत होती, "नोई, डावीकडे वळतोय हं. नोई, पूल आला, सांभाळ."

पुलाच्या चढावर टुकटुक धापा टाकायला लागली.

"मेल्यावर आई जाड झाली का गं?"

"गप्प बस."

पण पिमच्या नाकात फिनेलचा वास शिरला होता. गाडी पळत होती, वारा लागत होता, तरी वास मागे पडत नव्हता.

पाचूच्या बुद्धाच्या देवळाच्या फाटकाशी रखवालदार मोबाईलवर मॅच बघत बसला होता. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत त्याने हात आडवा धरला. "पाठ उघडी असलेल्यांना आत सोडत नाही. देऊळ आहे हे."

पिमने स्वतःची पाठ चाचपली. "कुणाची पाठ?"

रखवालदाराने तिच्या मागे बघितलं. मग मोबाईल हळूच खिशात ठेवला.

"सगळ्यांचीच," तो म्हणाला. "हॉस्पिटलचे कपडे ना ते... मागून नाड्यांचे?"

तोन पांढराफटक पडला. "ताई... तू हाक काय मारलीस?"

"नोई."

"नुसतं नोई? अगं, आपल्याकडे दर घरात एक नोई असते! हॉस्पिटलात जाऊन असं ओरडलीस... आख्खा मजला उठला असेल!"

पिमने गाडीत वाकून बघितलं. मागची सीट रिकामी होती. पण रेक्झिन ठिकठिकाणी खाली दबलं होतं.

सगळ्यांना हाकलावं, तर आईही जायची. पिमने हात जोडले. "आई, तू असशील तर एक खूण दे..."

सीटच्या सगळ्या स्प्रिंगा एकदम कुरकुरल्या.

मग दिवसभर ती विनवत राहिली. नदी ओलांडताना होडी कलली. नावाडी खेकसला, "बाई, तुमच्या माणसांना पलीकडे सरकायला सांगा!" आईचं आवडतं झणझणीत पपईचं सॅलड पिमने मांडलं, तर सगळे तुटून पडल्यासारखं ते बघता बघता सुकून गेलं. लहानपणीच्या गोष्टी विचारल्या, तर प्रत्येक गोष्टीला हुंकार आला. खूप हुंकार. त्यातला आईचा कुठला, हे पोटच्या पोरीला ओळखता येईना. पिम फुटपाथवर बसून ओक्साबोक्शी रडली.

स्टेशनवर शेवटी तिने आईचं ते परकं नाव घेतलं. "बुनलुआ सीखाम. माझी आई. तेवढीच थांब. बाकीच्यांनो, माफ करा... मला नाही नेता येणार."

टुकटुक वर उचलली गेली. थोडी, मग आणखी थोडी. कुणीतरी कानाशी उसासा टाकला. कुणीतरी जाता जाता पिमची कॉलर नीट केली. फिनेलचा वास विरत गेला.

सीटवर एकच खळगा उरला.

"आली," तोन डोळे पुसत म्हणाला. "जा ताई, पळ. गाडी सुटेल."

डब्यात पिमने खिडकीजवळची जागा मोकळी सोडली. तिथली गादी हळूच दबली. गाडी हलली, शहराचे दिवे मागे पळायला लागले. दिवसभरात पहिल्यांदा पिमने पाठ टेकली.

"आई... नीट बसलीस ना गं?"

"हो, बसलो," शेजारून आवाज आला. पुरुषाचा. म्हातारा, अदबशीर.

पिम बाकावर मागे सरकली. "तुम्ही... कोण?"

"नोईच. आमच्या आईने ठेवलं होतं, मी लहानखुरा होतो म्हणून. तुम्ही हाक मारलीत... मला आजवर कुणी न्यायलाच आलं नव्हतं."

"माझी आई कुठंय?"

"त्या होय? त्या थांबणारच होत्या. पण मी त्यांना समजावलं." आवाज अगदी खाली गेला. "म्हटलं, बाई, ती बुनलुआला थांबवतेय, तुम्ही तर नोई. उतरा. ही तुमची मुलगी नाही... माझी आहे."

पिम दाराकडे धावायला उठू लागली. तिला उठता आलं नाही. कुणीतरी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं, झोपेला आलेल्या बापासारखं. ते डोकं ओलं होतं, फिनेलच्या वासाचं.