तेरा पॉइंट शहात्तर

शटर अर्धं ओढा रे, डास येत्यात. आणि राजवीर, गाडीचं वजन अजून कुठनं कमी करायचं ते उद्या बोलू. आज आधी कृष्णातचं ऐक. शिरोलीत माझ्या लेथला लागूनच त्याचं गॅरेज हाय. हे त्यानं मला स्वतः सांगितलंय, आणि तो थापा मारणारा माणूस न्हाय.

तारीख चौदा डिसेंबर दोन हजार पंचवीस. रविवार. पहाटेचे चार.

कृष्णात निघालता साध्या कामाला. एका गिऱ्हाइकाची छोटी गाडी त्यानं शर्यतीसाठी तयार केलती. डावी सीट काढली, मागची काढली, स्टेपनी काढली, दारांच्या आतले पत्रेसुद्धा काढले. ड्रायव्हर सोडून आत बसायला जागा न्हाय. आता चारशे मीटरला किती सेकंद लागतात, एवढंच बघायचं होतं. शिरोलीतल्याच एका रस्त्यावर दुपारच्या उन्हात तेरा पॉइंट सत्तर आलते. पण शर्यत पहाटे असते, आणि गार हवा दाट असते. दाट हवेत इंजिनचा दम वाढतो. तीच गाडी दुपारपेक्षा पहाटे जास्त पळते.

ही गोष्ट कृष्णातपेक्षा चांगली कुणाला ठाऊक असणार...

कागलच्या पुढं माळावर बंद कारखान्याचा सरळ डांबरी रस्ता हाय. शर्यती तिथंच होतात. कृष्णात वर्षभर तिकडं फिरकला नव्हता. कारण आदल्या डिसेंबरात तिथंच मुरगूडच्या बाळासोंचा पृथ्वीराज गेला. चोवीस वर्षांचं पोरगं. गाडी कृष्णातनं बांधलेली.

त्या गाडीचं काय झालतं, ते ऐका. वजन कमी करायच्या नादात कृष्णातनं पुढचे मोठे ब्रेक काढून हलके, लहान ब्रेक घातले. अकरा किलो वाचले. दुपारच्या चाचणीत गाडी थांबली, पण अगदी शेवटाला. शर्यतीच्या आदल्या रात्री एकदम थंडी पडली. पृथ्वीराजचा फोन आला.

"कृष्णातदा, गारठा पडलाय. गाडी जास्त पळंल. थांबंल न्हवं?"

कृष्णातला त्याच क्षणी कळलं, की थांबायची खात्री न्हाय. मोठे ब्रेक परत घालायला तीन तास लागले असते, आणि वेळ वाढली असती. तो म्हणाला, "थांबंल. तू फक्त पळीव."

गाडी थांबली न्हाय. रस्ता संपला तिथल्या दगडी बांधावर गेली.

पोराला पोचवून आल्यावर बाळासोंनी विचारलं, काय चुकलं. कृष्णातनं सांगितलं, ब्रेक उशिरा मारला. बापानं ते खरं मानलं. येईल त्याला सांगायला लागले, पोरगं उतावळं होतं, स्वतःच्या हातानं गेलं. रागानं त्याचा फोटोसुद्धा भिंतीवर लावू दिला न्हाय. आणि हे सगळं ऐकत कृष्णात त्यांच्या घरात तेराव्याला जेवला.

तर, त्या पहाटे. माळावर कुत्रंसुद्धा नव्हतं. कृष्णातनं सुरुवातीला आणि शेवटाला टायमरचे दिवे लावले. पहिली फेरी मारली. तेरा पॉइंट एक्केचाळीस. हिशेबात होतं तसंच. खूश झाला.

दुसऱ्या फेरीला लागले तेरा पॉइंट शहात्तर.

म्हणजे दुपारपेक्षाही जास्त. त्यानं चाकांची हवा बघितली. बरोबर. फिल्टर बघितला. साफ. थर्मामीटर बघितलं, पारा उलट अजून एक अंश उतरलेला. गाडी आणखी पळायला पाहिजे होती.

तिसरी फेरी. तेरा पॉइंट शहात्तर.

तो खाली उतरला. बॅटरी मारून गाडीभोवती फिरला. गाडी डावीकडं जराशी बसलेली...

आता त्याच्या डोक्यात हिशेब आपोआप सुरू झाला. एवढ्या हलक्या गाडीला वीस किलोला सेकंदाचा दहावा हिस्सा जातो. पहिल्या फेरीपेक्षा वेळ वाढली होती पस्तीस शतांश. म्हणजे सत्तर किलो.

पृथ्वीराज सत्तर किलोचा होता. शर्यतीआधी कृष्णातनंच त्याला काट्यावर उभा केलता.

दिवे, टायमर, सगळं तिथंच टाकलं. गाडीत बसला. डावीकडं बघितलं न्हाय. निघाला.

गाडी जड चालत होती. वळणावर डावीकडं झुकत होती. तो बोलला न्हाय. कुणीच बोललं न्हाय...

हायवेच्या अलीकडं उसाच्या गाड्यांसाठी वजनकाटा रातभर चालू असतो. त्याला वाटलं, आपल्या डोक्याचा भ्रम हाय. एकदा आकडा बघू, म्हणजे सुटलो. गाडी काट्यावर घातली. गाडी आणि तो मिळून आठशे व्हायला पाहिजेत. काट्यावरचा पिराजी नावाचा म्हातारा कानटोपी घालून खिडकीत आला. आत वाकून बघितलं. म्हणाला,

"दोघंबी बसूनच करू का वजन?"

कृष्णातनं डावीकडं मान वळवली न्हाय.

"...व्हय."

पावती निघाली. वजन आठशे सत्तर. खाली, माणसं दोन.

तिथनं तो शिरोलीला आला न्हाय. सरळ मुरगूडला गेला. तांबडं फुटलं होतं. बाळासो गोठ्यात धार काढत होते. कृष्णात शेणातच गुडघ्यावर बसला आणि फोनपासनं बांधापर्यंत सगळं सांगितलं. ब्रेक लहान होते. मला ठाऊक होतं. मी थांबंल म्हणालो.

बाळासोंचे हात थांबले. कृष्णातला वाटलं, आता हे मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं, असं तो म्हणतो.

बाळासोंनी एवढंच विचारलं, "माझ्या पोरानं ब्रेक येळंत मारलता?"

"येळंत मारलता, काका."

ते उठले. घरात गेले. कपाटामागनं फोटो काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि भिंतीवर लावला. मग बाहेर येऊन म्हणाले, आता तू जा. परत येऊ नकोस.

कृष्णात परत गेला न्हाय. शर्यतीची गाडीही परत बांधली न्हाय. पण उठताना त्यानं गोठ्याच्या उंबऱ्यावर हात टेकला, तेव्हा मुठीतली पावती तिथंच राहिली. बाळासोंनी ती फोटोच्या चौकटीत खोचून ठेवलीय.

गेल्या महिन्यात मी मुरगूडला गेलतो, तेव्हा मुद्दाम बघितली. तसल्या गुळगुळीत कागदावरची छपाई चार महिन्यांत उडते, तुम्हाला ठाऊक हाय. तारीख उडालीय. गाडीचा नंबर उडालाय. वजन उडालंय. सगळा कागद कोरा.

खालचा 'दोन' तेवढा हाय. काळाकुट्ट. आत्ता छापल्यासारखा.