पाय न लागलेली पायरी

"मैना, पायरीवर पाय दे ना! पडशील!"

आरोही ओरडली, तोवर मैनाने डोक्यावरच्या हंड्यासकट लांब ढांग टाकली होती. मागून सोमनाथ आला, त्यानेही उडी मारली. मग घमेली घेऊन दोन मजूर आले, तेही तसेच! इंग्रजांच्या वेळच्या त्या जंगल-बंगल्याची पायरी म्हणजे एक सपाट काळा दगड. पण करंजमाळातलं एकही पाऊल त्याला शिवत नव्हतं.

"का पण?" आरोहीने विचारलं.

"नाय ठेवायचा पाय," मैना म्हणाली. "आई नाय ठेवत, आजी नाय ठेवायची."

"हे काय उत्तर झालं?"

"सातपूरच्या शाळेत असंल दुसरं!" सोमनाथ खिदळला.

आरोही दिवाळीच्या सुट्टीत सातपूरहून पेठकडच्या डोंगरात, करंजमाळला आजोळी आली होती. मैना आणि सोमनाथ तिची मामेभावंडं. बंगल्याचं आता पर्यटकांसाठी विश्रामगृह होत होतं आणि मामी तिथे पाणी भरत होती.

त्या दिवशी वाघबारस होती, वाघदेवाला आणि पूर्वजांना नैवेद्य दाखवायचा दिवस. माळावर पूर्वजांचे तीन उभे दगड होते आणि प्रत्येकावर एक माणूस कोरलेला. सगळ्यांनी नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या पिठाचे गोळे वाहिले. लोक पांगल्यावर सहादूआजोबा तिसऱ्या दगडापलीकडच्या रिकाम्या खड्ड्यापाशी मान खाली घालून बसले.

"फितुराला कसला निवद?" जाता जाता म्हातारी पुतळाबाई पुटपुटली.

आरोहीला ते फार लागलं. मैना-सोमनाथला घेऊन ती आजोबांजवळ जाऊन बसली.

"आजोबा, फितूर कोण?"

"राब जाळायचा, त्या राखेत रोप टाकायचं, ही आपली शेती," आजोबा हळूहळू सांगू लागले. "साहेबानं जंगल बंद केलं. राबाला पाला तोडायचा नाय! ह्या पहिल्या दगडावरचा हात जोडून सांगाया गेला. फटके खाऊन मेला. दुसऱ्यानं इचारलंच नाय, भरदिवसा कोयता चालवला. तुरुंगात गेला तो परत आला नाय. मंग तिसऱ्यानं तीरकमठा उचलला. पाड्यापाड्यातली माणसं त्याच्यामागं उठली."

"आणि चौथा?"

"गोटीराम. आपल्या घराचा मूळपुरुष, पावरी वाजवायचा. लोक म्हणत्यात, त्यानंच साहेबाच्या शिपायांना वाट दाखवली. म्हणून त्याचा दगड नाय. त्या लाजेनं मी पण पावरी खुंटीला टांगली."

आरोही खड्ड्याकडे बघत राहिली. कडेने पाचरीसारखे धोंडे ठोकले होते.

"आजोबा, दगड कधी उभा केलाच नव्हता, तर हा खड्डा कशाला खणला?"

आजोबांनी चमकून वर पाहिलं. सोमनाथने काठी खड्ड्यात आडवी धरून रुंदीची बोटाने खूण केली. तिघांच्या डोक्यात एकच गोष्ट आली, ती पाय न लागलेली पायरी, आणि तिघं बंगल्याकडे धावत सुटली!

तिथे ठेकेदार धनराजशेठ खुशाल पायरीवर उभा राहून चहा पीत होता. "ए, घण आणा! फोडा हा दगड! इथे चकचकीत फरशी बसवायचीय."

सोमनाथने काठी लावली. रुंदी जुळली! पण शेठ पोरांचं ऐकणार थोडाच?

पायरीखालची माती पावसाने वाहून गेली होती. मैनाच्या मुठीत नैवेद्याचा एक गोळा उरला होता. तिने हात फटीत घातला, गोळा वर दाबला आणि बाहेर काढला. पिठावर दगडात कोरलेली पाच बोटं उमटली होती आणि बोटांत बंदुकीचा घोडा!

आरोहीने विचार केला, खरं सांगितलं तर शेठ हसेल आणि घण मारेल. तिने गोळ्याची एक कड तेवढी दाखवली.

"काका, खाली नक्षी आहे! फोडून काय मिळणार? उलटवून काढलात तर शोभेचा दगड फुकटात!"

"फुकटात?" शेठ लगेच खाली उतरला. "ए, पहारी लावा! जपून!"

दगड उलटला आणि सगळे पुढे वाकले. वर चंद्रसूर्य होते. खाली उभा माणूस, हातात बंदूक आणि खांद्याला पावरी.

"गोटीराम!" मागून धापा टाकत आलेले आजोबा दगडाशी बसले. त्यांनी हाताने माती पुसली. "फितूर नव्हता, साहेबाशी लढला तो! म्हणून तर रोज बुटाखाली यावा असा साहेबानं उपटून आणला. त्याच्या धाकानं नाव कोणी घेतलं नाय, मागं फितुरीची खोटी बात तेवढी उरली. बायांनी पाय तेवढा आवरला."

"बागेत झकास दिसेल!" शेठ म्हणाला. कोणी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मजुरांनी दगड खांद्यावर घेतला होता.

खड्ड्यात दगड नेमका बसला. सगळ्यांत पुढे पुतळाबाई आली. तिने नागलीचा गोळा ठेवला आणि दगडावर डोकं टेकलं.

"माझ्या जिभेला माफ कर, सहादू," ती रडत म्हणाली. "पोरांनो, जे आमा म्हाताऱ्यांना सुचलं नाय, ते तुमी केलं!"

आजोबांनी तिघांना जवळ घेतलं. "आमच्या घराची मान वर केली तुमी," एवढंच म्हणाले आणि सोमनाथला त्यांनी घरून पावरी आणायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मैना हंडा घेऊन बंगल्यावर गेली. दारात नुसती ओली माती होती. तिथेही तिने लांब ढांग टाकली, आणि तिच्यामागोमाग आरोहीनेही.