रिकाम्या, पण मोकळ्या नाहीत

चिखलाच्या मोसमात आमच्या रस्त्याला कोणी येत नाही. आलंच, तर अडकतं.

ऑरिन टकर असाच अडकला. एप्रिलची सुरुवात होती. बर्फ वितळून कच्च्या रस्त्याची लापशी झालेली, वरून बारीक पाऊस... आणि आमच्या मोटेलच्या ऑफिसच्या दारात एक उंच माणूस. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा.

"गाडी वळणावर रुतलीय," तो म्हणाला. "बूट तिच्या अलीकडे."

"या दिवसांत व्हरमाँटच्या कच्च्या रस्त्यावर गाडी घालायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"नकाशानं."

"उन्हाळ्यात काढलेला असणार तो."

तो हसला. हसताना त्याच्या चष्म्यावरचे थेंब घरंगळले. मग त्याने मान वळवून बाहेरच्या दिव्यांच्या पाटीकडे पाहिलं. "तिथे लाल अक्षरांत 'नो व्हेकन्सी' लिहिलंय. पण अंगणात एकही गाडी नाही."

"नाही."

"म्हणजे खोल्या रिकाम्या आहेत."

"रिकाम्या आहेत," मी म्हणाले. "मोकळ्या नाहीत."

मी हे त्याला कटवायला म्हटलं होतं. पण तो कटला तर नाहीच, उलट हातात कोणी काही गरम ठेवल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला.

"पुन्हा म्हणाल का जरा?"

"कोरिन," आतून बर्नी आत्याचा आवाज आला, "आधी त्याला आत घे. बूट हरवलेल्या माणसाशी वाद घालू नये."

मोटेल बाबांचं. ऑक्टोबरात ते गेले, आणि दफन करून आल्यावर मी पहिलं काम केलं ते पाटीतला 'नो' पेटवण्याचं. तेव्हापासून तो पेटलेलाच होता. पहिल्या खोलीत बाबा शेवटी शेवटी राहायचे. तिचं दार मी उघडलं नव्हतं, आणि ते उघडवत नव्हतं म्हणून बाकीचीही नाहीत. आत्याने एकदाच बजावलं होतं: उन्हाळ्याआधी उघड, नाहीतर विकून टाकू. मी 'बघू' म्हटलं होतं. हिवाळाभर मी फक्त बघतच होते.

आत्याने ऑरिनला परस्पर पाचव्या खोलीत टाकलं, पायात बाबांचे रबरी बूट दिले आणि वाटाण्याच्या सूपसमोर बसवलं.

"तुम्ही करता काय?"

"शब्दकोशाच्या ऑफिसात आहे, मॅसॅच्युसेट्सला. जवळजवळ सारख्या शब्दांमधला फरक लिहितो."

"आणि त्याचे पैसे देतात?" आत्याला खरंच कुतूहल होतं.

"बेताचे. सध्या रिकामपणाच्या शब्दांवर आहे. पेला असतो तो एम्प्टी. नोकरीतली जागा व्हेकंट. कागद ब्लँक. किडकं खोड हॉलो."

"आणि चेहरा?" मी विचारलं. मला खरं तर बोलायचं नव्हतं.

"चेहऱ्याला दोन्ही चालतात. ब्लँक म्हणजे मनातलं कळू देत नाही. व्हेकंट म्हणजे मनात काही नाहीच."

"मग माझा कुठला?"

त्याने चमचा खाली ठेवला. "अजून... ठरायचंय."

"किती वेळ लागतो तुम्हाला ठरवायला?"

"एकेका शब्दाला महिना जातो."

"सूप गार होतंय," आत्या म्हणाली.

गॅरेजवाला म्हणाला, आत्ता ओढायला आलो तर माझाच ट्रक रुतेल, रस्ता वाळेपर्यंत थांबा. ऑरिन थांबला. सकाळी आमच्याबरोबर, पाकासाठी रस गोळा करायला मेपलच्या झाडांना लावलेल्या बादल्या आणायला यायचा. निम्मा रस मांडीवर सांडायचा आणि म्हणायचा, "ही बादली एम्प्टी नाही हं, नुसती कमी भरलीय." पहिल्या दिवशी बाबांचे बूट अंगणातून चालत येताना पाहून मी तोंड फिरवलं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी... मी ते बूट येण्याची वाट बघायला लागले. त्याच्या तोंडी मी 'मिस थिबो'ची 'कोरिन' कधी झाले ते आत्याला विचारा. तिने नक्की लक्ष ठेवलं असणार.

मग त्याने ती चूक केली.

आमच्या दरीत मोबाइल चालत नाही, म्हणून तो ऑफिसातल्या फोनवरून बोलत होता. मी चादरींचा गठ्ठा घेऊन दारात.

"उदाहरण मिळालं," तो खुशीत सांगत होता. "मोटेलच्या मालकिणीचं वाक्य आहे, वडील गेल्यानंतरचं. खोल्या एम्प्टी आहेत, व्हेकंट नाहीत. हो, तिचं नाव, गाव, सगळं देतो. याच्यापेक्षा चांगलं सापडणार नाही."

फोन ठेवून तो वळला. मला बघून त्याला आनंद झाला, हेच सगळ्यात वाईट. "कोरिन, तू छापून येणार आहेस."

"माझे बाबा वारलेत, ऑरिन," मी म्हणाले. "त्याचं तू उदाहरण केलंस."

त्याचा चेहरा असा उतरला की दुसऱ्या कोणाचा असता तर मला दया आली असती. त्या शब्दकोशवाल्यांमध्ये म्हणे कोणाचं वाक्य उचलणं म्हणजे फुलं देण्यासारखं असतं. असेल. मी चादरी तिथेच टाकून निघून गेले.

दुपारी त्याने पुन्हा फोन लावला. या वेळी मी मुद्दाम दाराआड उभी राहिले.

"ते वाक्य काढा... नाही, दुसरं नाही माझ्याकडे... माहीत आहे, पानं छपाईला निघालीत. पण ते माझं नव्हतं द्यायला." बराच वेळ तो नुसता ऐकत होता. पलीकडचं माणूस रागावलं असावं. "मग उदाहरण नकोच तिथे. माझं नाव खराब होऊ दे."

बाहेर आल्यावर त्याला मी दिसले.

"विचारायला हवं होतं तुला," तो म्हणाला.

"हवं होतं."

"उद्या पहाटे निघतो मी. चिखल गोठलेला असतो तेव्हा चालत जाता येईल. गाडी मागाहून नेईन."

तो गेल्यावर मी तिथे फार वेळ उभी होते, आणि माझ्या लक्षात आलं की मला त्याचा राग येत नाहीये. मला भीती वाटतेय. उद्या पाचवी खोलीही पहिलीसारखी होणार, आणि तिचंही दार मी उघडणार नाही. असं एकेक दार करत मी म्हातारी होईन.

मी किल्ली घेतली आणि बाबांच्या खोलीत गेले. मला वाटलं होतं, आत काहीतरी भयंकर असेल, एखादी पोकळी जी मला गिळेल. आत धूळ होती. रेडिओ होता, चष्मा होता, आणि फुगून घट्ट बसलेली खिडकी. ती उघडायला मला खांदा लावावा लागला. उघडली तशी ओल्या मातीचा आणि उकळत्या मेपलच्या रसाचा वास आत आला. मी पलंगावर बसून पोटभर रडले, मग उठून चादर काढली.

ऑफिसात जाऊन 'नो'चं बटण बंद केलं.

आत्याने खिडकीतून पाहिलं. "दिवा उडाला की काय?"

"नाही. मी घालवला."

तिने नाक पुसलं. "मग टॉवेल आणायला हवेत नवे. जुने लाज आणतात."

मी पाचव्या खोलीचं दार वाजवलं. ऑरिन बॅग भरत होता, म्हणजे एकच शर्ट पुन्हापुन्हा घडी करत होता.

"उद्या संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये मेपलच्या पाकाची पंगत आहे," मी म्हणाले. "पहाटे निघायलाच हवं का?"

"तू थांब म्हणालीस तर नाही."

"पंगत आहे म्हणाले मी."

"हो... ऐकलं ते."

"मग ये की."

पंगतीला सगळं गाव होतं. लांबलचक टेबलं, ताटात दाबून भरलेला बर्फ, त्यावर ओतलेला गरम पाक, बरोबर डोनट, आणि गोडाने तोंड मिटायला लागलं की खायला आंबट काकडी. दर घराची जागा वर्षानुवर्षं ठरलेली. आमच्या टेबलावर दोन्ही बाजूंनी माणसं खेटून बसली होती, आणि माझ्या शेजारची बाबांची खुर्ची तशीच सोडलेली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

ऑरिन खुर्चीमागे येऊन थांबला. आजूबाजूचं बोलणं कमी झालं. त्याने हात पाठीमागे घेतले.

"मी तिकडे उभा राहून खातो," तो हळूच म्हणाला.

मी खुर्ची ओढली. तिचे पाय फरशीवर कर्रकन वाजले, साऱ्या हॉलला ऐकू गेले.

"इथे बाबा बसायचे," मी म्हणाले. "आता तू बस."

"कोरिन... रस्ता वाळलाय. दुपारी गॅरेजवाल्याने गाडी काढून दिली."

"माहीत आहे. मीच सांगितलं होतं काढायला. तुला जाता येत असताना तू थांबलेला हवा होतास मला."

"बस रे बाबा," आत्या पलीकडून म्हणाली. "पाक घट्ट झाला की दातांना चिकटतो."

तो बसला. काकडीचा तुकडा तोंडात टाकून त्याने असं आंबट तोंड केलं की समोरची म्हातारी हसली. मग त्याने टेबलावरच, पाकाच्या ताटाशेजारी, सगळ्यांना दिसेल असा माझा हात धरला. त्याची बोटं चिकट होती. माझीही.