बुटातला हत्ती आणि स्टेशनाकडचा वारा

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या साली नंदुरबारची मिरची इतकी जहाल निघाली, की सुरतेहून येणारं इंजिन स्टेशनात शिरण्याआधी दोनदा शिंकायचं. खोटं वाटत असेल तर इंजिनाला विचारा. गावात सगळ्यांचेच डोळे सदा ओले. कोण रडतंय आणि कोणाला मिरची झोंबलीय, हे विचारायचंच लोकांनी सोडून दिलं होतं.

अशा दिवसांत पार्सलच्या खिडकीशी मुलींच्या शाळेची तापीबाई मास्तरीण आणि वाचनालयाचा रतिलाल एकाच पेटीला हात घालून उभे राहिले.

"पेटी शाळानी शे," तापी म्हणाली.

"वाचनालयनं नाव शे तिनावर. वाचा, मास्तरीणबाई."

नावं दोन्ही होती. आत मुंबईच्या कुठल्याशा मंडळानं बक्षिसं दिलेली चित्रांची एकोणीस पुस्तकं आणि एक चिठ्ठी. दोघांनी मिळून वाचावीत, एकमतानं एक निवडावं, ते गावाला भेट. बाकीची शनिवारी चारच्या गाडीनं परत. एकमत न झाल्यास सगळीच परत.

तापीच्या शाळेत चित्रांचं एकही पुस्तक नव्हतं. मुली पंचांगातल्या खेकड्या-विंचवांवरून गोष्टी रचायच्या. त्यामुळे एक तरी पुस्तक ठेवून घेतल्याशिवाय पेटी परत धाडायची नाही, एवढं तिनं ठरवून टाकलं.

रोज दुपारी वाचनालयाच्या ओसरीवर वाचन चाले. तिसऱ्याच दिवशी तिला तो सापडला – बूट घातलेला हत्ती. चार पायांत चार रंगांचे बूट, आणि पाचवा सोंडेत धरून, हा कुणाला होईल म्हणत गावभर फिरणारा. तापी हसली… इतकी हसली, की पदर तोंडाशी धरावा लागला. रतिलाल पुस्तक सोडून तिच्याकडेच बघत राहिला. मग भानावर येऊन म्हणाला,

"हाई नही जमनार."

"कसाले?"

"हत्तीना मापनं कातडं कोठून आनशात?"

चौथ्या दिवशी त्याला बेडूक फार हिरवा वाटला. पाचव्या दिवशी त्यानं स्वतःच कासव निवडलं, तापीनं घाईघाईनं मान डोलावली, तर सहाव्या दिवशी म्हणे, "हसनारं कासव… मले भरोसानं नही वाटस."

"रतिलालभाऊ, तुम्हले पुस्तक निवडानं शे, का मन्हं डोकं उठाडानं शे?"

प्रत्येक 'भाऊ'ला तो दाताखाली मिरची आल्यासारखा चेहरा करायचा. तापीला वाटे, याला पोटाचं दुखणं असावं.

शनिवारचे तीन वाजले. तापीनं एकोणीसच्या एकोणीस पुस्तकं पेटीत रचली आणि हातोडी उचलली.

"हत्ती ठेवूत," रतिलाल हळूच म्हणाला.

"कोनता?"

"बूटवाला. पहिलेपासून मले… तोच आवडना."

हातोडी हवेतच थांबली. "मंग इतला दिन नही नही कसाले?"

"तिसरे दिन हा म्हनतू, ते चौथे दिन तुम्ही कसाले येतात?"

तापीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. रागानंच, असं तिचं मत. "तुमना ह्या खेळमा मन्ह्या पोरी पुस्तकबिगर ऱ्हातात. काही समजस का?"

त्यानं मान खाली घातली. उपरण्यानं डोळे पुसले. "मिरची…" तो पुटपुटला.

तापीनं ओसरीबाहेर पाहिलं. मिरची वाळत घातलेल्या पथाऱ्या गावाच्या पश्चिमेला, स्टेशनाच्या उलट अंगाला. आणि समोरच्या दोरीवरचं धोतर पथाऱ्यांकडेच तोंड करून फडफडत होतं.

"वारा आज स्टेशनकडथीन शे," ती म्हणाली.

रतिलालनं उपरणं डोळ्यांवरून काढलं नाही.

तिनं चिठ्ठीवर सही केली, टाक त्याच्या हातात दिला. त्याची सही होईपर्यंत उभी राहिली. मग हत्तीला पदराखाली घेऊन तीन पायऱ्या उतरली… आणि थांबली.

"मन्हा बाप सोमवारे रनाळा गावले घरीच शे. त्याले भेटाले या. कातडानी गोठ काढू नका तठे."

"मी येस," तो कसाबसा म्हणाला.

"नक्की ना, रतिलाल?"

भाऊ कुठल्या पायरीवर गळून पडला, कुणास ठाऊक. रतिलालनं त्या आनंदात पेटीला खिळे ठोकले, ते आपल्या सदऱ्याच्या बाहीसकट. ती बाही सोडवेपर्यंत चारची गाडी साडेचारपर्यंत उभी होती.