काठीचा आवाज

नौपाड्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावर सकाळचं ऊन थेट कधीच येत नसे. समोरच्या इमारतीच्या काचांवरून परतून ते आधी छतावर उमटे, मग भिंतीवरून सावकाश उतरे, कॅलेंडरपाशी थोडं रेंगाळे आणि शेवटी संगणकांवरच्या प्लास्टिकच्या आच्छादनांवर येऊन निजे. आनंद सगळ्यांच्या आधी येऊन ते पाहत बसे.

ही घटना त्याच उन्हात घडली. १९९४ सालचा एप्रिल. ना रात्र, ना अंधार. म्हणून ऐकणाऱ्याला ती खोटी वाटते.

पण ती खरी आहे.

डोंगरावर साठलेल्या बर्फाचे थर संगणकावर मांडायचे आणि हिमकडा कधी कोसळेल याचा अंदाज पहाडातल्या रस्त्याच्या कामावर कळवायचा, हा त्या कचेरीचा उद्योग. तिथे बर्फ खणून थर मोजायला आनंदचा मामेभाऊ कुंडलिक होता. कळव्याचा कोळी. खाडीच्या चिखलात काठी ठोकून मगच पाऊल टाकायची सवय त्याने बर्फातही सोडली नव्हती.

हिवाळ्यात त्याने फोनवरून कळवलं होतं, "वरचा बर्फ घट्ट आहे, पण खाली साखरेसारखा एक भुसभुशीत थर आहे."

साहेब महिपतराव हसले होते. "बोटभर थर! त्याच्यासाठी रोज धोका दाखवायचा? अरे, तुम्ही कळव्याचे लोक, बर्फ पाहिलात तो मासळीवरचा!"

त्यांनी स्वतःच्या हाताने तो थर वगळला. पडद्यावर उतार सुरक्षित दिसला. मजूर निघाले. त्यांना परत बोलवायला कुंडलिक धावला.

मजूर वाचले.

कुंडलिक सापडला तो बर्फ वितळू लागल्यावर.

"माजा पोर काठी ठोकल्याबिगर पाय नाय टाकाचा," त्याची आई जाईबाई आनंदचा हात धरून म्हणाली. "तो कसा चुकंल, आनंदा?"

त्यानंतर कचेरीत आवाज सुरू झाला.

ठक... ठक...

लाद्यांवर काठी आपटल्यासारखा. सकाळी, ऊन कॅलेंडरपाशी पोचलं की. आधी दारात. मग कपाटापाशी. रोज थोडा पुढे. महिपतरावांच्या केबिनच्या दिशेने.

त्या सकाळी महिपतराव लवकर आले.

"आज दिल्लीच्या मुख्य कचेरीला फोनवर सांगून टाकतो. कुंडलिकने थर चुकीचा मोजला. मेलेल्या माणसाचं काय बिघडतं? तूही हो म्हण."

आनंदने आपल्या संगणकावरचं आच्छादन सारखं केलं.

ते केबिनमध्ये गेले. ऊन कॅलेंडरवर आलं.

ठक... ठक...

आवाज केबिनच्या उंबऱ्याशी थांबला. मग...

ढब.

पोकळ. खाली काहीच नसल्यासारखा.

"आनंद, नंबर लावलास का रे?" म्हणत महिपतराव उठले. उंबऱ्याकडे आले. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

त्यांनी पाऊल टाकलं.

आणि ते तसेच थिजले. तोंड उघडं, छाती चारी बाजूंनी आवळल्यासारखी. हात वर, काहीतरी उकरत असल्यासारखे. मग कोसळले. ओठ निळे. केसांत पांढरे दाणे... ऊन लागताच विरघळले.

श्वास कोंडून मृत्यू, डॉक्टर म्हणाले. कशाने, ते त्यांना सांगता आलं नाही.

आनंदच्या संगणकाचं आच्छादन खाली पडलं होतं. तो आपोआप चालू झाला होता. पडद्यावर तोच उतार होता, लालभडक. आणि वगळलेला थर आपल्या जागी परत आला होता. तो सगळ्या कचेरीने पाहिला. कुंडलिकवर येऊ घातलेला ठपका टळला.

आनंदने नोकरी सोडली. आता तो बाळकुमला राहतो. अंथरुणातून उतरण्याआधी टाचेने फरशी ठोकून पाहतो. कधी कधी त्याच्या आधीच कुणीतरी ठोकतं...

ठक.

अजून तरी भरीव.

भीतीने वाचा बसली म्हणून साहेबांना अडवता आलं नाही, असं तो सगळ्यांना सांगत आला.

त्याची वाचा बसली नव्हती.