नऊशे नव्वद क्रोनरचा रेडिओ

"दिवा घालवा. शेगडीचा उजेड पुरे," तोर्गेर काका म्हणाले. डोंगरातल्या त्या लाकडी घरात तिघी पुतण्या पांघरुणं ओढून बसल्या होत्या.

"हालदोर माझ्याबरोबर तीस वर्षं फेरीबोटीवर होता. थाप मारायची तर डोकं लागतं, ते त्याला नव्हतं. म्हणून ही गोष्ट खरी."

गेल्या नोव्हेंबरची चौदा तारीख, शुक्रवार. लेकीच्या गाडीला डिजिटल रेडिओ घ्यायला हालदोर सकाळीच दुकानात गेला. सिनोवेची गाडी एकोणीस वर्षांची, जुन्या रेडिओवर आता नुसती खरखर. गाण्यांची हौस दोघांनाही नव्हती. पण सिनोवे फियॉर्डच्या, त्या खोल खाडीच्या पलीकडच्या वृद्धाश्रमात कामाला होती, आणि वाटेत सात किलोमीटरचा बोगदा. आत आग लागली की सूचना रेडिओवर येते, चालू गाणं मध्येच तोडून. ज्याला ती ऐकू येत नाही, तो सरळ धुरात शिरतो.

"हा चोवीसशेचा," दुकानातली ओशिल म्हणाली. "मोठा पडदा, नकाशासुद्धा दिसतो."

"रस्ता एकच आहे. नकाशा काय चाटायचाय?"

"मग हा सोळाशेचा घ्या."

"आणि तो कोपऱ्यातला?"

"नऊशे नव्वद. परत आलेला आहे, पण चालतो छान."

"छान चालतो तर परत का आला?"

ओशिल जरा घुटमळली. "गिऱ्हाईक म्हणालं, फार बोलतो."

"सिनोवेची आईही फार बोलायची. आम्हाला सवय आहे."

दुपारपर्यंत त्यानं तो स्वतःच बसवला, काचेवर अँटेनाची तार चिकटवली.

"बाबा, हे कोळ्याचं जाळं कसलं?" सिनोवे हसली.

"असू दे. बोगद्यात रेडिओ बोलला की ऐकायचं. तेव्हा बापाचंही ऐकायचं नाही."

तीनला ती कामावर गेली.

रात्री दहा बावन्नला हालदोरचा फोन वाजला.

"बाबा, मी बोगद्यात आहे. रेडिओ सांगतोय, पुढच्या थांब्यात गाडी घ्या, इंजिन बंद करा."

"मग घे," तो म्हणाला. विचारही केला नाही.

मग तिचा फोन चालूच ठेवून त्यानं घरातल्या दुसऱ्या, जुन्या फोनवरून वाहतूक केंद्राला विचारलं. तिथला माणूस जांभई देत म्हणाला, "बोगदा मोकळा आहे. आम्ही कसलीही सूचना सोडलेली नाही. तिला म्हणावं, नीघ."

"सिनोवे, नीघ तिथून."

"तो म्हणतोय, थांबा."

"कोण तो?"

"रेडिओ. बाबा, तूच तर सांगितलंस…"

"बंद कर तो रेडिओ."

"केला."

मग फोनमधून हालदोरलाही तो आवाज ऐकू आला. शांत. सरकारी. बातम्या वाचाव्यात तसा.

मागचं दार उघडा.

"उघडू नकोस," हालदोर म्हणाला.

"मी नाही… बाबा, मी हलले पण नाहीये…"

दार लागल्याचा आवाज आला. हलकासा. कुणाची झोप मोडू नये म्हणून लावावं तसा.

दुसऱ्या कानात केंद्राचा माणूस बोलला. आता तो जांभया देत नव्हता. "कॅमेऱ्यात पांढरी गाडी दिसतेय मला. तिच्यासोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

"मागच्या सीटवर. कोण आहे?"

"कोणी नाही म्हणालो मी. काय दिसतंय तुम्हाला?"

"तिला म्हणावं, मागे बघू नको," तो म्हणाला.

घरातली एकुलती गाडी बोगद्यात होती. हालदोर स्वयंपाकघरात उभा. दोन कानांना दोन फोन.

"चल, सिनोवे. मागे बघू नकोस. फक्त चल."

किल्ली दोनदा फिरल्याचा आवाज आला… मग इंजिन धरलं. टायर वाजले. चार मिनिटं तेवढंच.

ती घरी आली तेव्हा तिचे हात गार होते. "मी एकटीच होते, बाबा," ती म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "एकटीच होते."

"मग? पोलिसांना नाही सांगितलं?" धाकट्या पुतणीनं विचारलं.

"काय सांगणार?" काका म्हणाले. त्यांनी शेगडीत एक लाकूड सरकवलं.

सकाळी उजाडल्यावर हालदोर रेडिओ उपटून काढायला गाडीशी गेला. दारं बंद होती. त्यानं काचेतून आत पाहिलं.

मागच्या सीटवर पट्टा लावलेला होता. ढिला नव्हता. चार वर्षांच्या पोराच्या छातीएवढ्या रिकाम्या जागेवरून ताणून बसलेला.