कुटकीच्या उतारावर

आश्विनात कुटकीची जांभळी फुलं सुकली, की आम्ही बायका गावावरच्या बुग्यालात, उंचावरच्या कुरणात, तिची औषधी मुळं खणायला जातो. त्या दिवशी मी आणि माझी धाकटी जाऊ सतेश्वरी, दोघीच होतो. दुपारी धुकं उतरलं. दहा हातांवर तिची कुदळी वाजत होती, ती अचानक थांबली.

"सतेश्वरी!"

मी हाका मारत राहिले. तासाभरानं ती धुक्यातून आली. पिशवी भरलेली, पण नखांत मातीचा कणही नव्हता.

"कुठं मेली होतीस गं?"

"इथंच तर होते, दीदी."

घरी आल्यावर तिला ताप भरला. मी कुटकीचा काढा दिला. त्याचा थेंब जिभेवर पडला तरी माणूस दिवसभर थुंकत बसतो. तिनं वाटी दुधासारखी संपवली आणि पुन्हा पुढं केली. ताप उतरला. पण तिची चार वर्षांची बिजा तिच्याजवळ जाईना. माझा पदर धरून विचारायची, "आई कधी येणार?"

बाराव्या दिवशी मेंढपाळ हयातसिंह खाली उतरला. मला ओढ्यापाशी गाठून म्हणाला, "धाकटीला वर एकटी टाकून आलीस होय? खणत बसलीय. चल म्हटलं तर मान वर करत नाही. नुसत्या तुझ्या नावानं हाका मारतेय."

मी धावत घरी आले. सतेश्वरी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. दीर कुंदनला बाजूला घेऊन म्हटलं, "हयातसिंहाला सतेश्वरी वर दिसली."

तो मोठ्यानं हसला. "वहिनी, बायको माझ्यासमोर बसलीय. आणखी एक आणायची? या एकीनंच जीव नकोसा केलाय!"

सतेश्वरीनं वर न बघता विचारलं, "अजून हाका मारते का?"

हाकांचं मी बोललेच नव्हते.

कुंदनचं हसू विरलं.

दुसऱ्या सकाळी आम्ही दोघं निघालो. वरची वाट रात्रीत बर्फानं बंद झाली होती.

वैशाखात ती उघडली. कुंदन आला नाही. मी एकटी गेले.

वर कुणी नव्हतं. हाड नाही, चिंधी नाही. सगळा उतार मात्र हातांनी उकरलेला होता, माथ्यापर्यंत. एका खड्ड्यात बोट घातलं. माती ओली होती, ताजी.

मी परत फिरले.

खड्ड्यांची एक ओळ गावाच्या वाटेनं खाली उतरत होती.

सकाळी त्याच वाटेनं मी वर आले होते. तेव्हा तिथं एकही खड्डा नव्हता.